बाहेरची कडी

बिजलीबाईच्या हातातली आगपेटी तिच्या पोरानं, भारतनं, काढून घेतली ती दिवाळीच्या चार दिवस आधी.

झालं असं की महागावच्या रस्त्यावरच्या एका गावात उकंडा नावाचा म्हातारा बिडी ओढता ओढता झोपला आणि गोधडीसकट जळाला. बातमी बंजाऱ्यांच्या तांड्यात आली आणि घरोघरी एकच शहाणपण उगवलं, की म्हाताऱ्या माणसाच्या हाती आग द्यायची नाही. उकंडा त्या खोलीत एकटाच का होता, दार किती लांब होतं, त्यानं हाक मारली असती तर ऐकायला घरात कोण होतं, हे कोणी विचारलं नाही. बिडी सापडली, विषय संपला.

बिजलीबाई बिडी ओढत नव्हती. ती फक्त दिवेलागणीला सेवाभायाच्या फोटोपुढं एक दिवा लावायची. साठ वर्षं लावत होती.

"याडी, आगपेटी दे इकडं," भारत आईला म्हणाला.

"काहून?"

"घरात कापूस हाय. तुले दिसत नाई, हात कापते तुहा. एखादी काडी पडली तं सारंच जळन."

"कापूस मी आणला का घरात?"

भारतनं आगपेटी खिशात घातली आणि गेला. पोरगा वाईट नव्हता. आईला मारत नव्हता, उपाशी ठेवत नव्हता, दर महिन्याला बीपीची गोळी आणत होता. एवढं केलं की आपल्याकडे पोरगा चांगला ठरतो.

घर घरकुलातलं. समोरची खोली मोठी. तिच्यात टीव्ही आणि चादर पांघरलेली मोटारसायकल. मागं स्वयंपाकघर. बाजूला एक खोली, तिचं दार सरळ ओट्यावर उघडायचं. ती बिजलीबाईची. वेचणी सुरू झाली आणि कापूस ठेवायला जागा पाहिजे म्हटल्यावर घरात दुसरी जागा कोणाला सुचलीच नाही. भाव वाढेपर्यंत कापूस घरात ठेवायचा ही इकडची रीतच. पण तो टीव्हीजवळ ठेवत नाहीत, म्हाताऱ्यांजवळ ठेवतात. म्हातारं माणूस राखणही करतं आणि तक्रारही करत नाही.

तर त्या खोलीत कापूस आला. आधी कोपऱ्यात, मग भिंतीभर, मग खिडकीच्या गजांपर्यंत. खोलीतून स्वयंपाकघरात जायला आतून एक दार होतं. त्याच्यासमोर कापूस छातीभर चढला आणि ते दार गेलं. राहिलं ओट्याकडचं. बिजलीबाईची खाट मधोमध, तिन्ही बाजूंनी पांढरा ढीग. रात्री अंगाला खाज सुटायची. ती म्हणायची, "माह्या सरणाले लाकडं नका आणू रे बापू, कापूसच पुरते." सून बबिता हसायची. तिला तो विनोद वाटायचा.

आणि ओट्याकडच्या दाराला बाहेरून कडी होती.

तीही काळजीपोटीच. पावसाळ्यात बिजलीबाई एकटीच निघाली, शेताच्या वाटेवर घसरली, महिनाभर कमरेनं आडवी होती. तेव्हापासून घरचे वावरात गेले की दाराला बाहेरून कडी. दुपारी बबिता येऊन काढायची. कधी एकला, कधी तीनला.

शेजारच्या अमरसिंगची पोरगी अंजू. अकरावीला होती. कॉलेजातून आली की कडी काढून बिजलीबाईजवळ बसायची. बिजलीबाईला सुईत दोरा ओवून पाहिजे असायचा, कारण दिवाळीआधी तिनं एक काम काढलं होतं. पेटीतला आपल्या तरुणपणचा फेटिया, घेरदार घागरा, बाहेर काढून ती त्यावरचे आरसे उसवत होती. एकेक आरसा सुटा करायचा, लाल कापडाच्या तुकड्यावर परत टाचायचा. मेरा करायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला एक.

काळ्या अमासेच्या, म्हणजे दिवाळीच्या अमावास्येच्या, संध्याकाळी तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी हातात दिवा घेऊन निघतात. आधी नायकाकडं, म्हणजे तांड्याच्या मुखियाकडं, मग एकेका घरी. घरातल्या वडीलधाऱ्यांना ओवाळतात, वर्ष चांगलं जावो म्हणतात. हा मेरा. बिजलीबाई स्वतः पोरगी असताना तिच्या तांड्यात फिरली होती. घर सुटलं तर त्या घरच्या म्हाताऱ्यांना जमेत धरत नाहीत असं ती मानायची.

"किती झाले दादी?" अंजूनं विचारलं.

"आठ. तुम्ही किती पोरी हा?"

"सात."

"एक राहू दे. कोणी पाहुणी आली तं."

स्वयंपाकघरातून बबिता ओरडली. "याडी! अव, दूध जळून कोळसा झालं! आत्ता बारा वाजता तुले सांगून गेलती ना मी, लक्ष ठेव म्हणून!"

त्या दिवशी कडी नव्हती, बबिता घरीच होती. बिजलीबाईला गॅसजवळ बसवून ती पाण्याला गेली होती. बिजलीबाई थोडा वेळ बसली, मग आरसे आठवले म्हणून उठून आली. घरभर जळक्या दुधाचा वास भरला होता. अंजूला फाटकातच आला होता; बबिता आत असेल म्हणून तिनं लक्ष दिलं नव्हतं.

बबिता बडबडत पातेलं घासायला गेली तेव्हा बिजलीबाई हळू आवाजात म्हणाली, "खरंच जळालं काय व?"

"दादी, एवढा वास येऊन राह्यला!"

"मले नाई येत."

"म्हणजे?"

"नाक गेलं माह्यं. दोन वर्षं झाली त्या तापानं. कशाचाच येत नाई. ना भाजीचा, ना शेणाचा, ना गॅसचा." आणि ती हसली. "तुह्या अमरसिंगच्या मोज्याचाबी नाई. चांगलंच हाय."

"भारतकाकाले सांगितलं?"

"डोळे गेले म्हणून आगपेटी गेली. कंबर गेली म्हणून कडी लागली. आता नाक गेलं म्हणून सांगू, मंग काय करतीन? खाटेले बांधतीन. तू नको सांगू कोणाले."

अंजूनं सांगितलं नाही. हे तिचं चुकलं, आणि ते तिला नंतर कळलं.

अमासेच्या आदल्या दिवशी भारत तांड्यातल्या पोरींना भेटला तेव्हा त्या अंजूच्या अंगणात दिव्यांना वाती करत बसल्या होत्या. तो म्हणाला, "पाहा पोरीहो, यंदा आमच्या घरी दिवे घेऊन नका येऊ. कापूस हाय. नायकाकडंच करा आमचा मेरा, आम्ही तिथंच येतो."

"आणि दादी?" अंजू म्हणाली.

"तिले कायले? तिले समजते काय आता दवाळी आणि शिमगा?"

बिजलीबाईला सगळं समजत होतं. ओट्यावरून तिनं ऐकलंही होतं. तिनं आत जाऊन आठही आरसे ओढणीच्या गाठीत बांधून ठेवले.

आता त्या खोलीत आणखी एक वस्तू होती. सोळा लिटरचा, बॅटरीवर चालणारा फवारणी पंप. तुरीवर अळी पडली होती, सकाळी वावरात जायचं म्हणून पंप रोज चार्जिंगला लागायचा. समोरच्या खोलीतल्या बोर्डात टीव्ही, मोबाईल आणि पाण्याच्या मोटरची वायर. तिथं जागा नाही. म्हणून स्वयंपाकघरातून एक लांब वायर काढलेली, दाराच्या फटीतून आत, कापसाखालून खाटेपर्यंत. टोकाला बोर्ड. पंपासोबत आलेला चार्जर पोळ्याला बिघडला होता, म्हणून भारतनं बाजारातून दुसरा आणला. तो हात लावला तर पोळायचा. बबिता एकदा म्हणाली होती, "लय तापते हो हा." भारत म्हणाला, "चार्जर तापतच असते."

आणि तो चार्जर कुठं ठेवलेला? कापसावर. ढिगात रुतलेला. आगपेटी खिशात घालून, मोठी काळजी केल्याच्या तोऱ्यात ज्या माणसानं आईचा दिवा विझवला, त्यानंच रोज आपल्या हातानं तिच्या उशाशी एक तापलेली डबी कापसात पुरली. तिला कोणी आग म्हणत नव्हतं. तिला ज्योत नव्हती ना.

अमासेला दुपारी एक वाजता भारतनं पंप लावला. संध्याकाळी साडेसहाला घरचे सगळे नायकाच्या अंगणात निघाले. बबितानं नवं लुगडं नेसून दारात डोकं घातलं.

"याडी, तासाभरात येतो. जेवण आणतो तुह्यासाठी."

"मले ने ना."

"गर्दी हाय तिथं. फटाके हायत. पडशीन."

"मंग कडी नको लावू."

"पोरी दिवे घेऊन घुसल्या तं?"

कडी लागली. बिजलीबाईनं तो आवाज ऐकला. रोजचाच आवाज, पण आज सणाचा होता.

ती खाटेवर बसून राहिली. नायकाच्या अंगणातून नगारा ऐकू येत होता. पोरं फटाके फोडत होती. थोड्या वेळानं तिचे डोळे चुरचुरायला लागले. तिला वाटलं, फटाक्यांचा धूर. मग घशात खवखव. ती तांब्यातलं पाणी प्यायली. पायाला ऊब लागली. थंडीच्या दिवसांत ऊब वाईट लागत नाही. खाटेखाली हात घातला तर कापूस गरम होता.

बिजलीबाईनं हात बाहेर काढला आणि बोटांनी चाचपला. बोटांना भुरभुर लागली होती. राख.

ती घाबरून ओरडली नाही. तिनं पंधरा हंगाम कापसाच्या जिनिंग कारखान्यात काढले होते, नवरा असताना. कापूस कसा जळतो हे तिला भारतपेक्षा जास्त माहीत होतं. कापूस आधी पेटत नाही, धुमसतो. आतल्या आत खात जातो. वरून पांढराशुभ्र, आत हातभर काळा. आणि कोणी उकरला, वारा लागला, की मग एका दमात सारी खोली घेतो.

तिनं पाय वर घेतले नाहीत, ढीग हलवला नाही. भिंत धरून दारापर्यंत गेली. दार ओढलं. कडी वाजली, दार हललं नाही. दोन वेळा भारतच्या नावानं हाक मारली. नगारा वाजत होता. तिसऱ्या वेळी हाक मारली नाही, कारण खोकला आला. ती खाली बसली, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि ओढणी ओली करून नाकावर धरली. नाक कामाचं नसलं तरी श्वास तिथूनच जातो.

नायकाकडचा मेरा झाला. पोरी घराघरानं फिरू लागल्या. भारतचं घर आलं तेव्हा जया पुढं चालायला लागली.

"इथं नाई जायचं," जया म्हणाली. "भारतकाकानं सांगितलं."

अंजू थांबली. "दादीचा राहते मग."

"कुलूपच हाय समज. कडी लावली हाय पाह्य."

"कडी लावली म्हणजे दादी आतच हाय."

"चाल ना व, उशीर होते!"

अंजू दोन पावलं फाटकाच्या आत गेली. तिच्या हातात दिवा होता. तिला वास आला. फटाक्यांचा नव्हे. जुनी चिंधी जळते तसा, जड, जमिनीलगतचा. तिला आधी वाटलं, दिव्याची वातच जळून राह्यली. दिवा दूर धरला. वास तसाच. आणि मग तिच्या डोक्यात ते पातेलं आलं, जळालेलं दूध, आणि हसून सांगितलेलं ते गुपित.

"जया, दिवे हौदाजवळ ठेवा. सारे. कोणी दिवा घेऊन ओट्यावर नका येऊ."

"काय झालं?"

"ठेवा म्हणते ना!"

सात दिवे हौदाच्या कठड्यावर गेले. अंजूनं धावत जाऊन कडी काढली. दार आतल्या बाजूला उघडलं तेव्हा एका हातानं चौकट धरून उठत असलेली बिजलीबाई दिसली. तिच्या मागं गुडघ्याएवढा धूर जमिनीवरून सरकत होता, आणि वरचा कापूस दुधासारखा पांढरा.

"काहून उशीर केला व?" बिजलीबाई म्हणाली आणि खोकत ओट्यावर आली. "दार लावून घे. वारा नको लागू देऊ आत. आणि मीटरवरचं बटन पाड पहिले."

अंजूनं दार ओढलं, ओट्यावरच्या मीटरचं बटन पाडलं. घर अंधारात गेलं. जया नायकाकडं पळाली.

माणसं आली. भारत सर्वांत पुढं, हातात कोणाची तरी बादली. येऊन सरळ दार लोटलं आणि ढिगात हात घालणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"उकरू नको!"

तो थांबला. आईचा असा आवाज त्यानं वीस वर्षांत ऐकला नव्हता.

"उकरलं की भडकन. आधी वरून पाणी मार, सारं ओलं कर. मंग ताडपत्री टाक, तिच्यावर ओढ, आणि अंगणात ने. थोडं थोडं. अंगणात परत पाणी मार. धूर थांबला म्हणून सोडू नको, मध्ये हात घालून पाह्य, गरम लागते का."

डोंगरसिंग नायक सत्तरीचा माणूस, तो मागून म्हणाला, "ते सांगते तसं करा."

दीड तास लागला. माणसांची साखळी हौदापासून ओट्यापर्यंत. ओढून आणलेल्या कापसात वरून सुपाएवढा डाग होता, आतून मात्र कोपरापर्यंत हात जाईल एवढं काळं बीळ. खाटेचा एक पाय कोळसा झाला होता. तिच्या उशाकडचा. खाटेच्या नवारीच्या पट्ट्या तपकिरी होऊन कडक झालेल्या.

काम संपत आलं तसं बोलणं सुरू झालं. माणसं जमली की कोणाच्या तरी डोक्यावर खापर पाहिजेच. कोणी म्हणालं, बुढीनं दिवा लावला असन. कोणी म्हणालं, सणाचा दिवस, मन राहत नाई म्हाताऱ्याचं. बबिता रडत म्हणाली, "लय जपत होतो हो आम्ही."

भारत ओल्या अंगानं आईसमोर आला. बिजलीबाई हौदाजवळ उलट्या टोपलीवर बसली होती, सात दिव्यांच्या पलीकडं.

"याडी, खरं सांग. दिवा लावलता?"

बिजलीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. रागावली नाही. अशा प्रश्नाला रागाची गरज नसते.

"लावला असता रे. आगपेटी तं तुह्या खिशात हाय."

भारतचा हात आपोआप खिशाकडं गेला. आगपेटी तिथंच होती, भिजून लगदा झालेली.

तेव्हा अंजू अंगणातल्या राखेत काठीनं काहीतरी ओढत होती. ते तिनं दिव्यांच्या उजेडात आणून ठेवलं. चार्जर. वितळून चपटा झालेला, कापसाच्या जळक्या पुंजक्यात चिकटलेला, आणि त्याला जोडलेली वायर उघडी पडलेली. नायकानं काठीच्या टोकानं तो उलटा केला, पाहिला, परत सरळ केला.

"चार्जर तापतच असते," बबिता हळूच म्हणाली. टोमणा होता की नुसतीच आठवण, तिलाही सांगता आलं नसतं.

"काका," अंजू डोळे पुसत म्हणाली, "दादीले वास येत नाई. दोन वर्षं झाली. मले माहीत होतं. मी सांगाले पाह्यजे होतं."

"तू कायले रडते व?" बिजलीबाई म्हणाली. "मी सांगू नको म्हटलं होतं. मी भेलती."

"कशाले भेलती याडी?" भारतनं विचारलं.

"तुह्या काळजीले."

भारत खाली बसला. ओल्या कापसातच. कोणीतरी म्हणालं, आता बस करा, सणाचा दिवस हाय. बिजलीबाई म्हणाली, "हो ना. पोरीहो, तुमचा मेरा राह्यला. की काकानं मना केलं म्हणून जाता?"

सातही पोरींनी हौदावरचे दिवे उचलले आणि अंगणात, घरापासून वीस पावलं लांब, म्हातारीला ओवाळलं. तिनं ओढणीची गाठ सोडून प्रत्येकीला एक आरसा दिला. एक उरला. तो तिनं बबिताच्या हातात ठेवला. बबिताचं लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती, तिचा मेराशी काही संबंध नव्हता. तरी तिनं घेतला.

त्या रात्री बिजलीबाई अमरसिंगच्या घरी झोपली.

सकाळी ती परत आली तेव्हा बाजूची खोली रिकामी होती. उरलेला कापूस गोठ्याच्या बाजूला, पत्र्याखाली, घरापासून वेगळा, वर ताडपत्री. लांब वायर गुंडाळून खिळ्याला टांगलेली. समोरच्या खोलीतली मोटारसायकल ओट्यावर काढली होती आणि तिच्या जागी, टीव्हीशेजारी, दारापासून दोन हातांवर नवी खाट.

"गाडीले थंडी लागन ना रे बाहेर," बिजलीबाई म्हणाली.

"लागू दे," भारत म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. त्यानं खिशातून एक नवी आगपेटी काढून तिच्यापुढं धरली. "घे याडी. दिवा लाव तुह्या मनानं. मी नाई म्हणणार नाई."

बिजलीबाईनं आगपेटी घेतली नाही.

"हात कापते माहा, ते खोटं नाई. दिसतबी नाई. दिवा तू लाव रोज, मी हात जोडीन. आगपेटी राहू दे तुह्याजवळ."

"मंग काय पाह्यजे तुले?"

तिनं बाजूच्या खोलीच्या दाराकडं बोट दाखवलं. नव्या खाटेजवळच्या समोरच्या दाराकडंही.

"मले कडी काढून दे."

भारत पाना आणि पेचकस घेऊन आला. बाजूच्या दाराची कडी लगेच निघाली. समोरच्या दाराच्या कडीचे तीन स्क्रू निघाले, चौथा गंजलेला, फिरेना. त्यानं तेल सोडलं, थांबला, परत जोर लावला. बबिता स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. "चोर आले तं?" असं ती म्हणणार होती, पण म्हणाली नाही.

शेवटी स्क्रूचं डोकंच तुटलं आणि कडी हातात आली. चौकटीत एक लोखंडी टोक राहिलं.

दुपारी घरचे वावरात गेले. बिजलीबाई खाटेवर होती. बबितानं दार नुसतं लोटलं होतं. थोड्या वेळानं बिजलीबाई उठली, भिंत धरत दारापर्यंत गेली, दार उघडलं, ओट्यावर गेली. तिला कुठं जायचं नव्हतं. तिनं मोटारसायकलच्या सीटवर हात ठेवला, उन्हात तापली होती. मग परत आत आली आणि दार आपल्या हातानं लोटून घेतलं.